मैदानापासून महाविद्यालयापर्यंत

मुलांनो, फुटबॉल हा आपल्या मॉरिशसमधील लहानथोरांच्या आवडीचा खेळ आहे. शाळा सुटली की मुले मैदानावर धावतात. मैदान जवळ नसेल तर रस्त्याची कडा किंवा समुद्रकिनाऱ्यावरची वाळूही त्यांना चालते. शनिवारी-रविवारी टीव्हीवर इंग्लंडमधील सामने लागले की घराघरांत लिव्हरपूलवाले आणि मँचेस्टरवाले असे दोन पक्षच पडतात. आजोबा एका पक्षात आणि नातू दुसऱ्या पक्षात, असेही होते!

हा खेळ अमेरिकेतील मुलेही खेळतात. त्यांतील कित्येकांच्या मनात एक इच्छा असते. आपण मोठे होऊन कॉलेजच्या संघातून खेळावे, असे त्यांना वाटते. ही इच्छा पुरी होण्यासाठी काय काय लागते, ते आज आपण पाहू. पण त्याआधी दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, नाहीतर आपला गोंधळ होईल.

पहिला शब्द 'सॉकर'. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हटले की वेगळाच खेळ डोळ्यांसमोर येतो. त्यातील चेंडू लांबट असतो. तो हाताने फेकतात, छातीशी धरून पळतात आणि खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला तेथे 'सॉकर' म्हणतात. गंमत म्हणजे हा शब्द अमेरिकेत जन्मलेला नाही. आपल्या खेळाचे पूर्ण नाव 'असोसिएशन फुटबॉल'. त्यातील 'असोसिएशन' या शब्दाचा तुकडा घेऊन इंग्लंडमधील विद्यार्थ्यांनीच एकोणिसाव्या शतकात हा शब्द तयार केला.

दुसरा शब्द 'कॉलेज'. आपल्याकडे सहावी झाली की मूल ज्या माध्यमिक शाळेत जाते, तिला आपण कॉलेज म्हणतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे बारावीपर्यंतच्या शिक्षणाला शाळाच म्हणतात. नववी ते बारावी ही चार वर्षे 'हायस्कूल'ची. त्यानंतर वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास मुले जेथे पदवीसाठी चार वर्षे शिकतात, ते तेथले कॉलेज, म्हणजेच महाविद्यालय. या धड्यात कॉलेज शब्द येईल, तो याच अर्थाने.

अमेरिकेत कॉलेजातील खेळांना फार मान आहे. एखाद्या कॉलेजचा सामना असला की गावातील लोकही त्या कॉलेजच्या रंगाचे कपडे घालून येतात. कॉलेजांमधील खेळांचे नियम ठरवणारी एन.सी.ए.ए. नावाची मोठी संस्था तेथे आहे. तिने १९५९ साली मुलांच्या सॉकरची पहिली देशव्यापी स्पर्धा घेतली. सेंट लुईस विद्यापीठाच्या संघाने ती जिंकली. त्या काळी या संघात बरीचशी मुले त्याच शहरातली, तिथल्याच गल्ल्यांत आणि चर्चच्या मैदानांवर खेळून तयार झालेली असत. या संघाने पुढे एकूण दहा वेळा ही स्पर्धा जिंकली. अलीकडे, २०२४ साली, व्हरमॉन्ट या छोट्या राज्यातील विद्यापीठाने जादा वेळेत गोल करून अंतिम सामना २-१ असा जिंकला. व्हरमॉन्टचे हे सॉकरमधील पहिलेच विजेतेपद होते.

आता थोडे गणित करू. हायस्कूलच्या संघांतून सॉकर खेळणारे शंभर मुलगे एका रांगेत उभे आहेत, अशी कल्पना करा. त्यांतील किती जण पुढे एन.सी.ए.ए.च्या कॉलेज संघात जातात? फक्त पाच-सहा! कॉलेजांचे तीन गट असतात. त्यांतील पहिला गट सर्वांत मोठा मानला जातो. त्या गटातील संघात तर शंभरातला जेमतेम एकच मुलगा पोहोचतो. बाकीचे चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलगे काही आळशी नसतात. त्यांनीही थंडीवाऱ्यात सराव केलेला असतो. जागाच थोड्या असतात, त्याला ते काय करणार?

जागा थोड्या असण्याचे एक कारण ऐकण्याजोगे आहे. अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असा तो कायदा. त्यामुळे खेळातही मुलींना बरोबरीची संधी द्यावी लागली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु लांबट चेंडूच्या त्या दुसऱ्या फुटबॉलचा संघ अवाढव्य असतो. मुलग्यांच्या वाट्याच्या पुष्कळ जागा तोच घेतो. मग मुलांचे सॉकर काही कॉलेजे ठेवतच नाहीत. आज पहिल्या गटात मुलींचे सॉकर संघ मुलांच्या संघांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

या थोड्या जागांसाठी मुलाची तयारी लहानपणीच सुरू होते. सुरुवातीला त्याला कोणी अवघड डावपेच शिकवत नाही. चेंडू पायाशी आला की तो उसळू न देता अलगद थांबवणे, मान वर करून इकडेतिकडे पाहणे आणि मगच तो पुढे देणे, एवढे जमले तरी खूप झाले. उजव्या पायाने सगळे जण मारतात. डाव्यानेही मारता यावे म्हणून मुले भिंतीवर चेंडू मारून पुन्हा पुन्हा सराव करतात. मधल्या फळीतील खेळाडू नव्वद मिनिटांच्या सामन्यात सुमारे दहा किलोमीटर धावतो. तेव्हा दम हवाच. झोपही हवी. ही गोष्ट मुले विसरतात आणि मग तक्रार करतात की पाय दुखतात!

तुमच्या वयाच्या मुलांसाठी तेथे एक विशेष नियम आहे. दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना चेंडू डोक्याने मारू देत नाहीत. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांनाही सरावात तो थोडाच वेळ मारता येतो. वाढत्या वयात मेंदूला वारंवार हिसके बसू नयेत, म्हणून अमेरिकेच्या सॉकर संस्थेने २०१५ साली हा नियम जाहीर केला.

चांगला खेळ आला, म्हणजे झाले का? नाही. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू शोधायला बहुतेक वेळा शाळेच्या सामन्यांना जात नाहीत. ते क्लबांच्या मोठ्या स्पर्धांना जातात, कारण तेथे एकाच ठिकाणी दोन-तीन दिवसांत शेकडो मुले पाहायला मिळतात. म्हणून मुलाला चांगल्या क्लबात जावे लागते. तेथे आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी सराव असतो आणि शनिवारी-रविवारी सामने. (अमेरिकेतील बऱ्याच मराठी शाळाही शनिवारी-रविवारीच भरतात. तेव्हा कोणत्या तरी एका ठिकाणी मुलाची गैरहजेरी लागते!) सामने दूरदूरच्या गावी असतात. कधी कधी विमानानेही जावे लागते. मोठ्या व्यावसायिक संघांच्या काही क्लबांत मुलांना फी पडत नाही, पण बाकीच्या क्लबांत प्रवास आणि फी मिळून वर्षाला काही हजार डॉलर खर्च होतात. म्हणजे पाय चांगले असून भागत नाही, आईवडिलांचा खिसाही तसा असावा लागतो. ही पद्धत काही बरी नव्हे. अमेरिकेतील पुष्कळ लोकही आता तसे बोलून दाखवतात.

क्लिंट डेम्प्सी या खेळाडूच्या घरी हेच घडले. त्याचा जन्म १९८३ साली टेक्सास राज्यातील नॅकडोचेस या लहानशा गावात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. काही काळ हे कुटुंब आजीआजोबांच्या घरामागच्या जागेत, चाकांवरच्या घरात राहत होते. गावात मेक्सिकोहून आलेल्या लोकांची वस्ती होती. त्या वस्तीतील मुलांबरोबर क्लिंट आणि त्याचा मोठा भाऊ मातीच्या मैदानात खेळत. क्लिंट तर मोठ्या माणसांच्या सामन्यांतही घुसे. मोठ्यांना चकवायचे तर नाना युक्त्या कराव्या लागतात. त्या युक्त्या तो तेथेच शिकला.

एकदा डॅलस शहरातील एका नामांकित क्लबाने भावाला चाचणीसाठी बोलावले. क्लिंटही बरोबर गेला. भाऊ मैदानात होता आणि हा कडेला वाट पाहत उभा. नुसते उभे राहायचा कंटाळा आला, म्हणून त्याने चेंडू घेतला आणि पायावर, मांडीवर उडवत बसला. चेंडू काही खाली पडेना. ते क्लबाच्या माणसांनी पाहिले आणि त्यांनी त्यालाही क्लबात घेतले!

पण डॅलस काही जवळ नव्हते. गावापासून डॅलसला मोटारीने जायला सुमारे तीन तास लागत. अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक. आपले अख्खे मॉरिशस बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर आहे. म्हणजे केवळ सरावाला पोहोचण्यासाठी आपल्या बेटाच्या चौपट लांबीची वाट, आणि रात्री तितकीच परत. मोटार चालवणार आईवडील. मुलगा मागच्या सीटवर अभ्यास करणार किंवा झोपणार.

क्लिंटची थोरली बहीण टेनिस उत्तम खेळत असे. तिच्याही स्पर्धांना पैसा आणि वेळ लागे. दोघांचे एकदम करणे घरच्यांना झेपेना. शेवटी क्लिंटला क्लब सोडावा लागला. तो गोल करीत होता, संघाला हवा होता, तरी सोडावा लागला. तेव्हा संघातील इतर मुलांचे आईवडील पुढे आले. खर्चाला आम्ही हातभार लावू, मुलाला नेण्या-आणण्याचेही आम्ही पाहू, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या मदतीने क्लिंट पुन्हा क्लबात आला आणि पुढे त्या संघाचा कप्तान झाला. मध्यंतरी १९९५ साली या कुटुंबावर मोठे दुःख कोसळले. क्लिंटची ती बहीण वयाच्या सोळाव्या वर्षी अचानक वारली. तेव्हा क्लिंट बारा वर्षांचा होता. पुढे मोठा खेळाडू झाल्यावरही गोल केला की तो आकाशाकडे पाहून तिची आठवण काढी.

२००१ साली त्याने दक्षिण कॅरोलिना राज्यातील फर्मन विद्यापीठात प्रवेश घेतला. हे काही फार मोठे विद्यापीठ नव्हे. पण तेथे त्याला पहिल्यापासून मैदानात खेळायला मिळाले. याला फार महत्त्व आहे. मोठ्या नावाच्या कॉलेजात जाऊन चार वर्षे बाकावर बसून राहणारे खेळाडूही असतात. तीन हंगाम खेळल्यावर २००४ साली डेम्प्सी व्यावसायिक संघात गेला, २००७ साली इंग्लंडमधील फुलहॅम संघात गेला आणि नंतर टॉटनहॅमकडूनही खेळला. तुमच्या वडिलांनी त्याचे सामने टीव्हीवर पाहिले असतील, विचारून पाहा. २००६, २०१० आणि २०१४ अशा तिन्ही विश्वचषक स्पर्धांत त्याने अमेरिकेसाठी गोल केले. देशासाठी त्याने एकूण ५७ गोल केले.

आता अभ्यासाकडे वळू. "मी खेळाडू आहे, मला अभ्यासाचे काय?" असे म्हणणाऱ्या मुलाला तेथे कॉलेजच्या मैदानात पाऊलही टाकता येत नाही. एन.सी.ए.ए.चा नियम असा आहे : पहिल्या गटातील कॉलेजसाठी मुलाने हायस्कूलच्या चार वर्षांत ठरावीक विषयांचे सोळा अभ्यासक्रम पुरे केलेले असले पाहिजेत. त्यांत इंग्रजी चार वर्षे, गणित तीन वर्षे, विज्ञान दोन वर्षे, समाजशास्त्र दोन वर्षे आणि उरलेले असेच शालेय विषय. गुणांची सरासरी ४ पैकी निदान २.३ असावी. शिवाय सोळांपैकी दहा अभ्यासक्रम शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच संपलेले हवेत. त्यामुळे तीन वर्षे मजा करून चौथ्या वर्षी धावपळ करू, असे म्हणण्याची सोय नाही. हे सगळे एका कचेरीत तपासले जाते. परदेशी मुलांच्या परीक्षांचे निकालही तेथेच तपासतात. ही अट अगदी किमान आहे. पुष्कळ कॉलेजांत प्रवेश मिळवण्यासाठी याहून खूप जास्त गुण लागतात, आणि प्रशिक्षकाला मुलगा कितीही आवडला तरी प्रवेश देणारे अधिकारी वेगळे असतात.

प्रशिक्षकाला मुलगा आवडावा, यासाठी त्याने तो आधी पाहायला हवा. देश एवढा मोठा, मुले लाखो, आणि प्रशिक्षक मोजके. म्हणून मुले त्यांना पत्र लिहितात. आता ही पत्रे संगणकावरून जातात. पत्रात मुलगा आपले नाव, शाळा, बारावी संपण्याचे वर्ष, क्लब, मैदानावरची आपली जागा, परीक्षेतील गुण आणि येत्या सामन्यांच्या तारखा कळवतो. सोबत आपल्या खेळाची थोडक्यात चित्रफीत जोडतो. पत्र मुलाने स्वतः लिहावे, वडिलांनी नव्हे. वडिलांनी लिहिलेले पत्र प्रशिक्षकाच्या लगेच लक्षात येते म्हणे! उत्तराची मात्र वाट पाहावी लागते. मुलगा दहावीत असेपर्यंत पहिल्या गटातील प्रशिक्षकाने त्याच्याशी संघात घेण्याविषयी बोलायचे नाही, असा नियम आहे. दहावीनंतरच्या १५ जूनपासून त्याला बोलता येते. त्या दिवशी कित्येक घरांत मुले सकाळपासून फोनजवळ बसून असतात. काहींचा फोन वाजतो, पुष्कळांचा वाजत नाही.

सामना पाहायला आलेला प्रशिक्षक फक्त गोल मोजत नाही. पायातला चेंडू गेला तर मुलगा कंबरेवर हात ठेवून उभा राहतो की लगेच मागे धावतो, हे तो पाहतो. पंचांनी विरुद्ध निर्णय दिला तर हातवारे करतो का? बदली करून बाहेर बसवले तर तोंड फुगवून बसतो की साथीदारांना ओरडून धीर देतो? चार वर्षे या मुलाबरोबर काढायची असतात. म्हणून या गोष्टींना महत्त्व येते.

संघात निवड झाली, तरी सगळी फी माफ होते असे समजू नका. पहिल्या गटातील मुलांच्या एका सॉकर संघाला पूर्वी मिळून ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. संघात खेळाडू पंचवीस-तीस. मग प्रशिक्षक काय करी? घरात केक एक आणि खाणारी तोंडे अनेक असली की आई काय करते? तसेच. कोणाला अर्धी शिष्यवृत्ती, कोणाला पाव, आणि कोणाला काहीच नाही. २०२५ साली हा नियम बदलला. नवी पद्धत स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांच्या संख्येचे बंधन राहिले नाही, पण त्यांच्या संघात २८ हून अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत. तिसऱ्या गटातील कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच मिळत नाही. तेथे अभ्यासातील गुण पाहून किंवा घरची परिस्थिती पाहून मदत मिळते. तरीही सर्वांत जास्त मुले या तिसऱ्या गटातच खेळतात.

अमेरिकेतील मुलांना आज आणखी एका चढाओढीला तोंड द्यावे लागते. युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा सर्व बाजूंनी तरुण खेळाडू तेथील कॉलेजांत शिकायला येतात. त्यांतील बरेच जण वयाने मोठे आणि खेळात मुरलेले असतात. इंग्लंडचा जॅक हॅरिसन लहानपणी मँचेस्टर युनायटेडच्या मुलांच्या संघात होता. तो चौदा वर्षांचा असताना त्याला आईने अमेरिकेतील शाळेत पाठवले. तेथून तो २०१५ साली वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संघात गेला, एकच हंगाम खेळला, आणि पुढे इंग्लंडला परतून लीड्सकडून खेळू लागला. असे खेळाडू हवे असलेला प्रशिक्षक सतरा वर्षांच्या स्थानिक मुलाला सांगतो, "अजून एक वर्ष थांब." थांबायचे की दुसऱ्या, लहान कॉलेजात जायचे, हे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना ठरवावे लागते.

आणि ज्यांना कोणत्याच संघात जागा मिळत नाही, ते? तेही कॉलेजात शिकायला जातातच. संध्याकाळी दिवे लागले की कॉलेजच्या आवारातील मैदानावर निरनिराळ्या वसतिगृहांचे आणि मित्रमंडळींचे संघ जमतात. या सामन्यांना प्रशिक्षक नसतो, प्रेक्षक दहा-बारा असतात, आणि शिटी वाजवणारा पंचही बहुतेक वेळा त्यांच्याच कॉलेजातला एखादा विद्यार्थी असतो. कोणाच्या अंगात जुन्या क्लबाचा विटलेला सदरा दिसतो. एखादा मुलगा डाव्या पायाने असा काही चेंडू मारतो की बाजूने जाणारे थांबून पाहू लागतात.